टी-पेशीतली कॅल्शियमची उसळी कशी मोजायची: जर्कॅट पेशी, फ्लुओ-४ आणि फ्लो सायटोमीटर

टी-पेशी सक्रिय झाली की नाही हे तपासायचे मार्ग बरेच आहेत, पण बहुतेकांना वेळ लागतो. सीडी६९ ही सक्रियतेची खूण पृष्ठभागावर दिसायला काही तास जातात आणि टी-पेशी सोडते तो आयएल-२ हा संदेशवाहक मोजायचा तर दुसरा दिवस उजाडतो. कॅल्शियम मात्र मिनिटाभरात उत्तर देते. त्यामुळे प्रयोग सोपा वाटतो आणि नेमका तिथेच तो बिघडतो, कारण मिनिटाभराची घटना पकडायची असेल तर सगळी तयारी आधी झालेली लागते. ज्यांना पेशी वाढवता येतात आणि फ्लो सायटोमीटरवर साधे स्टेनिंग केलेले आहे, पण कॅल्शियम कधी मोजलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आलेखात नेमके काय दिसते

शांत टी-पेशीच्या पेशीद्रवात मोकळे कॅल्शियम साधारण ५० ते १०० नॅनोमोलर असते. पेशीबाहेर ते १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. टी-पेशी रिसेप्टर उद्दीपित झाला की एलसीके आणि झॅप-७० हे कायनेज कामाला लागतात. लॅट आणि एसएलपी-७६ या प्रथिनांवर पीएलसी-गॅमा-१ हे एन्झाइम येऊन बसते आणि पटलातल्या पीआयपी-२ या मेदरेणूचे तुकडे करते. त्यातला आयपी-३ हा तुकडा आंतर्द्रव्यजालिकेवरच्या आपल्या रिसेप्टरला चिकटतो आणि तिथला कॅल्शियमचा साठा पेशीद्रवात सुटतो.

टी-पेशीत हा साठा लहान असतो. त्याने आलेख वर जातो, पण टिकत नाही. टिकवण्याचे काम पुढची यंत्रणा करते. आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात स्टिम-१ हे प्रथिन असते. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह पाणी खाली गेले की नळ उघडतो, तसे स्टिम-१ साठा रिकामा झाला की एकत्र गोळा होते, पेशीपटलाजवळ सरकते आणि तिथली ओराय-१ ही वाहिनी उघडते. मग बाहेरचे कॅल्शियम आत येऊ लागते. कॅल्शियमच्या या प्रवेशाचा विद्युतप्रवाह मास्ट पेशींमध्ये १९९२ साली नोंदवला गेला होता, पण त्यामागची प्रथिने सापडायला बराच काळ गेला: स्टिम-१ ची भूमिका २००५ मध्ये कळली, ओराय-१ ची २००६ मध्ये. ओराय-१ मधले एकच अमिनो आम्ल बदलल्यामुळे काही बालकांना जन्मजात तीव्र प्रतिकारक्षमता-अभाव होतो, हेही २००६ मध्येच समोर आले. त्यांच्या रक्तात टी-पेशी होत्या, पण त्यांच्यात कॅल्शियम शिरत नव्हते.

आलेखाचे दोन भाग असे पडतात: सुरुवातीचे शिखर, ज्यात साठ्याचा वाटा असतो, आणि नंतरचे पठार, जे जवळजवळ पूर्णपणे बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर उभे असते. पेशीच्या दृष्टीने पठार जास्त महत्त्वाचे. कॅल्सिन्यूरिन हे फॉस्फेटेज कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनने सक्रिय होते आणि एनफॅट या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते, तेव्हा एनफॅट केंद्रकात जाते. कॅल्शियम खाली आले की काही मिनिटांतच एनफॅट केंद्रकाबाहेर पडते. केवळ शिखराच्या उंचीवर निष्कर्ष काढणारे अहवाल म्हणूनच अर्धवट ठरतात.

इथे नवख्यांचा एक ठरलेला गोंधळ होतो. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी औषधे कॅल्सिन्यूरिनला अडवतात, म्हणजे कॅल्शियमच्या पुढचा टप्पा अडवतात. ती दिलेल्या पेशींतही कॅल्शियम वर जाणारच. त्यांचा उपयोग या प्रयोगात निगेटिव्ह कंट्रोल म्हणून होत नाही.

कोणता डाय घ्यायचा

४८८ नॅनोमीटरचा निळा लेसर जवळपास प्रत्येक यंत्रावर असतो, म्हणून सुरुवात फ्लुओ-४ ने करा. कॅल्शियम चिकटले की तो ५१६ नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, म्हणजे एफआयटीसीच्याच ५३०/३० फिल्टरमध्ये दिसतो. त्याचा दोष असा की तो एकाच तरंगलांबीवर वाचला जातो. एखाद्या पेशीत डाय जास्त शिरला की त्या पेशीत कॅल्शियम जास्त असल्याचा भास होतो.

यावर खरा उपाय इंडो-१. कॅल्शियम असताना तो ४०५ नॅनोमीटरजवळ आणि नसताना ४८५ जवळ प्रकाश देतो, त्यामुळे दोन्हींचे गुणोत्तर घेता येते आणि डाय किती शिरला हा प्रश्न निघून जातो. पण त्याला ३५५ नॅनोमीटरचा अतिनील लेसर लागतो. तो नसेल तर फ्लुओ-४ सोबत फ्युरा रेड भरा. कॅल्शियम वाढले की फ्युरा रेड मंदावतो आणि फ्लुओ-४ उजळतो. फ्युरा रेड मुळात मंद असल्याने तो फ्लुओ-४ पेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त घ्यावा लागतो. पहिल्या वेळी मात्र एकट्या फ्लुओ-४ वर हात बसवा. दोन डाय एकदम हाताळताना चूक कुठे झाली तेच कळत नाही.

डाय एएम एस्टरच्या रूपात घ्यायचा. एस्टरमुळे रेणूचा भार झाकला जातो आणि तो पटलातून आत शिरतो. आत पेशीतली एस्टरेज एस्टर तोडतात आणि भारित डाय अडकून पडतो.

५० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ४५.६ मायक्रोलिटर कोरडे डीएमएसओ घातले की फ्लुओ-४ एएमचा १ मिलिमोलर स्टॉक होतो. त्याचे ५-५ मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशांवर, अंधारात, सिलिका जेलसोबत ठेवा. फ्रीझरमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड कुपीत हवेतली वाफ जमते, डीएमएसओ ती ओढून घेतो आणि एस्टर कुपीतच तुटतो. असा तुटलेला डाय पेशीत शिरत नाही. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत हा प्रकार हमखास घडतो.

बाकीचे सामान

बफर: कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेले, फिनॉल रेड नसलेले हँक्स द्रावण. त्यात १० मिलिमोलर हेपेस आणि ०.५ टक्के बीएसए, पीएच ७.४. यात ईडीटीए नको. नेहमीच्या स्टेनिंग बफरमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए असते आणि सवयीने तीच बाटली उचलली जाते. तेवढे ईडीटीए बाहेरचे सगळे कॅल्शियम बांधून टाकते, पठार गायब होते आणि तुम्हाला ओराय-१ बिघडल्याचा भास होतो. कॅल्शियमच्या प्रयोगासाठी बाटली वेगळीच ठेवा आणि झाकणावर ठळक लिहा.

कॅल्शियमरहित बफर: तेच, पण कॅल्शियम नसलेल्या हँक्सने केलेले, वर ०.५ मिलिमोलर ईजीटीए, जे उरलेसुरले कॅल्शियम बांधते.

उद्दीपक: मानवी सीडी३ विरुद्धचे ओकेटी३ प्रतिपिंड, सोडियम अझाइड नसलेले. अझाइड मायटोकॉन्ड्रियाचा श्वास रोखते आणि मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियमच्या प्रवेशात भाग घेतात, म्हणून अझाइडवाली कुपी इथे चालत नाही. सोबत त्याच वर्गाचे, कशालाही न चिकटणारे आयसोटाइप प्रतिपिंड.

आयोनोमायसिन (रिसेप्टरशिवायच कॅल्शियम पटलापार आत नेणारा रेणू) आणि थाप्सिगार्जिन (साठा रिकामा करणारे, त्याबद्दल पुढे), दोन्हींचे १ मिलिमोलर स्टॉक डीएमएसओमध्ये. थाप्सिगार्जिन त्वचेला जळजळ करते, हातमोजे घालूनच हाताळा.

सगळे उद्दीपक यंत्रावर बसण्याआधी बफरमध्ये दहापट तीव्रतेचे करून ठेवा: ओकेटी३ ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, आयोनोमायसिन १० मायक्रोमोलर, थाप्सिगार्जिन १० मायक्रोमोलर. डीएमएसओमधला अर्धा मायक्रोलिटर थेट ट्यूबमध्ये टाकण्याचा मोह आवरा. डीएमएसओ जड असतो, तळाशी जातो, आणि तिथल्या पेशींना अंतिम मात्रेच्या कितीतरी पट डोस मिळतो.

पेशी

जर्कॅट हा मानवी टी-पेशींच्या रक्तकर्करोगातून आलेला पेशी-वंश. त्याचा ई६-१ हा क्लोन घ्या. भारतात पेशी-वंश मिळवण्याचे ओळखीचे ठिकाण म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा पेशीसंग्रह. आरपीएमआय-१६४० मध्ये १० टक्के एफबीएस घालून वाढवा आणि घनता १ लाख ते १० लाख प्रति मिली या मर्यादेत ठेवा. आदल्या दिवशी पातळ करून प्रयोगाच्या सकाळी ५ लाखांच्या आसपास याव्यात असे बघा. दाटीत वाढलेल्या, माध्यम पिवळे पडलेल्या पेशींची बेसलाइन आधीच वर असते.

ट्रिपॅन ब्लूने ९५ टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत हव्यात. आणि एका वेगळ्या ट्यूबमध्ये सीडी३ स्टेन करून बघाच. जर्कॅटमध्ये फार पॅसेज झाले की सीडी३ नसलेल्या पेशींचा गट वाढत जातो आणि तो ओकेटी३ ला प्रतिसादच देत नाही. ‘निम्म्याच पेशी उसळतात’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा या ट्यूबमध्ये असते.

लोडिंग

१. पेशी ३०० जी वर ५ मिनिटे फिरवा, बफरने एकदा धुवा आणि १ कोटी प्रति मिली या घनतेला आणा. सीरम धुऊन गेले पाहिजे, कारण सीरममधली एस्टरेज डाय बाहेरच तोडतात.

२. फ्लुओ-४ चा स्टॉक आणि २० टक्के प्लुरॉनिक एफ-१२७ सारख्या आकारमानात मिसळा. मग १ मिली बफरमध्ये या मिश्रणाचे ८ मायक्रोलिटर घाला. डायची तीव्रता ४ मायक्रोमोलर होते. प्लुरॉनिक नसेल तर डायचे बारीक कण गोळा होतात आणि यंत्रावर ते पेशीच असल्यासारखे दिसतात.

३. पेशी आणि हे द्रावण समसमान मिसळा. आता पेशी ५० लाख प्रति मिली आणि डाय २ मायक्रोमोलर. ३० मिनिटे ३७ अंशांवर, अंधारात ठेवा. दर १० मिनिटांनी ट्यूब हलकेच हलवा.

४. दोनदा धुवा.

५. पुन्हा ३० मिनिटे खोलीच्या तापमानाला अंधारात ठेवा. हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, म्हणून लोक तो गाळतात. पण एस्टर अर्धवट तुटलेला डाय कॅल्शियमला प्रतिसाद देत नाही आणि मोजमाप चालू असतानाच तो तुटत राहिला तर काहीही न घालता आलेख चढत जातो.

६. १० लाख प्रति मिली करून ५०० मायक्रोलिटरच्या ट्यूब भरा आणि दोन तासांत संपवा. प्रत्येक ट्यूब यंत्रावर लावण्याआधी ५ ते १० मिनिटे ३७ अंशांवर ठेवा. थंड ट्यूबमध्ये प्रतिसाद उशिरा आणि बुटका येतो.

यंत्रावर

पुढच्या ट्यूब लागतात: डाय न भरलेल्या पेशी, डाय भरून फक्त बफर, आयसोटाइप, ओकेटी३, आयोनोमायसिन आणि नंतर ईजीटीए, आणि थाप्सिगार्जिन. फक्त बफरची ट्यूब गाळू नका. ट्यूब काढणे, द्रव घालणे, हलवणे, परत लावणे, एवढ्यानेही आलेखात छोटी लाट येते. ती किती मोठी आहे हे माहीत नसेल तर ओकेटी३ चा छोटा प्रतिसाद ओळखता येत नाही.

व्होल्टेज ठरवायला एक जादा आयोनोमायसिनची ट्यूब वापरा. शिखर मोजपट्टीच्या आत राहिले पाहिजे आणि शांत पेशी अगदी तळाला चिकटलेल्या नसाव्यात. त्यानंतर नळी १० टक्के ब्लीचने आणि मग भरपूर पाण्याने धुवा. आयोनोमायसिन नळीला चिकटून राहते आणि पुढच्या ट्यूबची बेसलाइन विनाकारण वर जाते. एवढ्याचसाठी आयोनोमायसिनच्या खऱ्या ट्यूबही शेवटी लावायच्या.

प्रवाह ३५ मायक्रोलिटर प्रति मिनिट ठेवला तर १० लाख प्रति मिलीमधून सेकंदाला सुमारे ५८० पेशी जातात. एवढ्या पुरतात. वेळ हा पॅरामीटर नोंदवला जातोय याची खात्री करा. मग ६० सेकंद बेसलाइन घ्या, नोंद न थांबवता ट्यूब काढा, ५० मायक्रोलिटर उद्दीपक घाला, दोन सेकंद हलवा आणि लगेच परत लावा. मिनिटभरात ३५ मायक्रोलिटर खर्च झालेले असतात, म्हणजे ४६५ मध्ये ५० मिसळतात आणि सौम्यता जवळपास दहापट येते. मधली १०-१५ सेकंदांची फट आलेखात रिकामी दिसेल. ती तशीच राहू द्या, जोडू नका. पुढे सहा मिनिटे नोंदवा.

ओकेटी३ ने जर्कॅटमध्ये चढ पहिल्या मिनिटात सुरू होतो, शिखर एक-दोन मिनिटांत येते आणि मग पठार. आयोनोमायसिनचा चढ ट्यूब परत लावेपर्यंत झालेला असतो. त्या ट्यूबमध्ये तीन मिनिटांनी ८० मिलिमोलर ईजीटीएचे ४५ मायक्रोलिटर घाला. ईजीटीए कॅल्शियम बांधताना हायड्रोजन आयन सोडते, पीएच घसरतो आणि मग ते कॅल्शियम नीट धरत नाही. त्यामुळे हा स्टॉक ट्रिस बेसमध्ये करून अल्कधर्मी ठेवायचा.

साठा आणि वाहिनी वेगळे करणे

ओकेटी३ चा प्रतिसाद कमी आला, तर दोष रिसेप्टरच्या बाजूला आहे की ओराय-१ च्या, हे त्या एका आलेखावरून सांगता येत नाही. थाप्सिगार्जिन ते सांगते. ते आंतर्द्रव्यजालिकेत कॅल्शियम परत भरणारा सर्का पंप बंद करते, त्यामुळे साठा आपोआप गळून जातो. रिसेप्टर, झॅप-७०, पीएलसी यांचा संबंधच उरत नाही.

या ट्यूबसाठी ७०० मायक्रोलिटर पेशी घ्या. मोजण्याच्या अगदी आधी त्या कॅल्शियमरहित बफरमध्ये आणा. ईजीटीएत अर्धा तास ठेवल्या तर साठा तुम्ही काही न करताच रिता होतो. ६० सेकंद बेसलाइन, मग ७० मायक्रोलिटर थाप्सिगार्जिन. एक बुटका, संथ उंचवटा दिसेल: हा साठा. आठ मिनिटांनी ट्यूबमध्ये सुमारे ४५५ मायक्रोलिटर उरलेले असतात. त्यात २० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडचे ५० मायक्रोलिटर घातले की २ मिलिमोलर होते आणि आलेख सरळ वर जातो: ही वाहिनी. शिल्लक द्रव न मोजता ‘७० मायक्रोलिटर’ घातले तर कॅल्शियम जवळपास २.७ मिलिमोलर होते आणि दोन नमुन्यांची तुलना फसते.

उंचवटा आणि नंतरची उडी दोन्ही नीट, पण ओकेटी३ ला प्रतिसाद नाही: दोष साठ्याच्या आधीच्या टप्प्यात. उंचवटा आहे, उडी नाही: स्टिम-१ किंवा ओराय-१ कडे बघा. पहिल्या प्रकाराचा नमुना हाताशी हवा असेल तर एलसीके नसलेला जर्कॅटचा जेकॅम१.६ हा उपवंश ठेवा. त्याचा ओकेटी३ आलेख सपाट येतो, थाप्सिगार्जिनचा मात्र व्यवस्थित.

आकडे काढताना

आधी डाय न भरलेल्या पेशींची चमक वजा करा. वेळेनुसार मध्यक काढा आणि तो बेसलाइनने भागा. सोबत किती टक्के पेशींनी प्रतिसाद दिला तेही द्या: बेसलाइनच्या ९५ टक्के पेशी ज्याच्या खाली आहेत ती रेषा धरून तिच्या वरच्या पेशी मोजा. मध्यक दुप्पट होणे म्हणजे सगळ्या पेशी थोड्या उसळल्या असतील किंवा निम्म्याच पेशी खूप उसळल्या असतील. शिवाय एकेका टी-पेशीत कॅल्शियम आंदोलने घेत असते. फ्लो सायटोमीटर प्रत्येक क्षणी वेगळी पेशी बघतो, त्यामुळे ही आंदोलने आलेखात पुसली जातात. ती बघायची असतील तर सूक्ष्मदर्शकच लागतो.

नॅनोमोलरमध्ये आकडा हवाच असेल, तर चमकेतून किमान वजा करा, त्याला कमाल वजा चमक याने भागा आणि फ्लुओ-४ च्या विघटन स्थिरांकाने, म्हणजे ३४५ नॅनोमोलरने, गुणा. समजा किमान २०० (ईजीटीएनंतर), कमाल ४२०० (आयोनोमायसिन) आणि बेसलाइन ९००. तर ७०० भागिले ३३००, गुणिले ३४५, म्हणजे ७३ नॅनोमोलर. शिखर ३००० असेल तर ८०५ नॅनोमोलर. आता ३८०० घेऊन बघा: सुमारे ३१०० येते. ३९०० घेतले तर सुमारे ४२५०. चमकेत फक्त १०० चा फरक आणि उत्तरात एक मायक्रोमोलरहून जास्त. कमाल मूल्याच्या जवळचे आकडे छापू नका. त्यात हा स्थिरांक परीक्षानळीत, २२ अंशांना मोजलेला आहे. पेशीच्या आत तो तसाच राहत नाही, तेव्हा हे आकडे अंदाजे समजावेत.

बिघाड ओळखणे

आयोनोमायसिनलाही प्रतिसाद नाही: डाय तुटलेला, किंवा बफरमध्ये ईडीटीए. आयोनोमायसिन चालते, ओकेटी३ नाही: सीडी३ तपासा, प्रतिपिंडाची कुपी बदला. सतत वर सरकणारी बेसलाइन: पायरी पाच गाळली गेली, किंवा पेशी मरत आहेत. सतत खाली येणारी: डाय बाहेर गळतो आहे. पेशी डायला अनोळखी भार समजून वाहकांमार्फत बाहेर फेकतात. १ ते २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड हे थांबवते. ते १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून बफरमध्ये घालायचे आणि पीएच पुन्हा ७.४ ला आणायचा. जर्कॅटमध्ये त्याची गरज सहसा पडत नाही, मॅक्रोफेजमध्ये मात्र जवळजवळ नेहमी पडते.

सिग्नल उजळ, पण प्रतिसाद बुटका आणि आळशी: डाय जास्त झाला. तो स्वतःच कॅल्शियम बांधतो आणि उसळी गिळून टाकतो. १ मायक्रोमोलरवर या. डाय आंतर्द्रव्यजालिकेत किंवा मायटोकॉन्ड्रियात शिरला तरी असेच दिसते. तेव्हा लोडिंग खोलीच्या तापमानाला करून बघा.

जर्कॅटवरून पुढे

जर्कॅटमध्ये पीटेन हे प्रथिन नसते, त्यामुळे पीआय३-कायनेजचा मार्ग आधीच तापलेला असतो आणि प्रतिसाद सहज मिळतो. रक्तातल्या टी-पेशी इतक्या उदार नसतात. त्यांना नुसते विरघळलेले ओकेटी३ पुरत नाही. आधी ते पेशींना चिकटवून घ्यायचे, बेसलाइन घ्यायची आणि मग उंदराच्या आयजीजी विरुद्धचे बोकडाचे प्रतिपिंड १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून रिसेप्टर एकमेकांना बांधायचे. पेशी ओळखण्यासाठी सीडी३ चे स्टेन लावू नका, तोच उद्दीपक आहे. सीडी१४ आणि सीडी१९ लावून मोनोसाइट आणि बी-पेशी वगळा. ती उंदराची प्रतिपिंडे असतील तर बोकडाचे प्रतिपिंड त्यांनाही बांधते, म्हणून स्टेन न लावलेली एक ट्यूब तुलनेला ठेवा.

बी-पेशींसाठी आयजीएम विरुद्धचे प्रतिपिंड १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, पण एफसी भाग काढलेले, एफ(एबी)′२ स्वरूपातले. अखंड प्रतिपिंड घेतले तर त्याचा एफसी भाग बी-पेशीवरच्या एफसी-गॅमा-आरआयआयबी या रिसेप्टरला खेचतो. तो रिसेप्टर कॅल्शियमचा प्रवेश दाबतो, आणि निरोगी पेशींचा आलेखही आजारी दिसतो.